बाजूच्या सीटचा ब्रेक

औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर मास्तरांनी उजवा हात खांद्यातून सरळ बाहेर काढला, मान वळवून मागे पाहिलं आणि मगच वळले. आम्ही पायी चाललो होतो. मागून येणारा सायकलवाला थांबला आणि हाताच्या दिशेने बघत राहिला. म्हातारा काहीतरी दाखवतोय असं त्याला वाटलं असावं.

"मास्तर, आपण फुटपाथवर आहोत," मी म्हटलं.

"फुटपाथवरून वळलो तरी वळलोच ना वहिनी? मागच्याला कळायला नको?"

"मागच्याला काही कळलेलं नाही. तो अजून वर गच्चीकडे बघतोय."

"त्याला मी शिकवलेलं नाही," मास्तर म्हणाले आणि विषय संपवला.

निम्मी वाट झाली होती. आमच्या इमारतीपासून त्यांच्या नातीची शाळा चार किलोमीटर. पाच महिने, माझ्या तापाचे दिवस सोडले तर शाळा असेल त्या प्रत्येक दिवशी, आम्ही ही वाट तुडवली. जाताना पायी, येताना नातीला घेऊन बसने. आजचा दिवस शेवटचा होता. मास्तरांचं लायसन सकाळीच परत मिळालं होतं आणि ते त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं. दर शंभरेक पावलांवर त्यांचा हात खिशाकडे जाई, चाचपून परत येई. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. माणसाला थोडं सुख गुपचूप घेऊ द्यावं.

मास्तर म्हणजे आमचे क्लचमास्तर. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही, पण गावातल्या निम्म्या लोकांना गाडी त्यांनीच शिकवली. बत्तीस वर्षं त्यांचा एकच मंत्र, "क्लच. क्लच. अहो, क्लच." आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांची वर्गाची खोली आहे. भिंतीवर खुणांचा तक्ता, कोपऱ्यात अर्धा कापलेला गिअरबॉक्स, मधल्या टेबलावर पांढऱ्या रंगाने काढलेला चौक आणि त्यावर फिरवायला खेळण्यातल्या सहा गाड्या. मास्तरांची रीत अशी, की सरकारी परीक्षेआधी ते स्वतःची परीक्षा घेत आणि तिच्यात पास झाल्याशिवाय कुणाला पुढे पाठवत नसत. त्यांच्या हातून नापास झालेल्यांत एक बँक मॅनेजर आहे, दोन डॉक्टर आहेत, आणि मी तर तीन वेळा आहे.

माझे यजमान आणि मास्तर जुने मित्र. यजमान गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी मास्तर म्हणाले, "वहिनी, गाडी शिका. कुणावर अवलंबून राहू नका." म्हणून मी शिकले. शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक असतात, एक चालवणाऱ्याच्या पायाशी आणि एक बाजूच्या सीटवर बसलेल्या मास्तरांच्या पायाशी. शिकणारा चुकला की मास्तरांनी आपला दाबायचा. माझ्या बाबतीत त्यांना तो कधी दाबावाच लागला नाही, कारण त्यांच्या आधी माझा दाबलेला असे. फुटपाथवर झोपलेलं कुत्रं दिसलं, की दाब. उडणारी कागदी पिशवी, दाब. एकदा गाडी सुरूच झाली नव्हती, तरी दाबला.

"वहिनी, विनाकारण ब्रेक दाबू नका," ते कळवळून म्हणत. "ब्रेक म्हणजे देवाचं नाव नव्हे, सारखं घ्यायला."

"घेतल्याने अपघात तर होत नाही ना?" मी म्हणे.

चौथ्या खेपेला त्यांनी मला पास केलं. अजून मला वाटतं, कंटाळून केलं. लायसन मिळाल्यावर मी दोनदा गाडी चालवली आणि मग देवाने दिलेल्या पायांवर समाधान मानलं.

आता त्या दुपारची गोष्ट. ती मला मास्तरांनीच वाटेवर तुकड्या तुकड्यांनी सांगितली. एका तुकड्याला कधी दोन दिवस लागले.

मास्तरांची लेक रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. जावई परगावी नोकरीला. त्यामुळे नातीला शाळेतून आणायचं काम मास्तरांचं. नात आठ वर्षांची, तिसरीतली. रोज तीन वाजून दहा मिनिटांनी शाळा सुटणार आणि फाटकासमोर मास्तरांची गाडी उभी असणार, छपरावर पाटी: 'सुरक्षित शिका, सुरक्षित चालवा.'

त्या दिवशी त्यांचा मित्र स्पेअरपार्टवाला, त्याच्या दुकानाला पंचवीस वर्षं झाली म्हणून दुकानामागच्या खोलीत जेवण होतं. जेवणाबरोबर दुसरंही होतं. मास्तर म्हणतात, दोनच ग्लास घेतले. मास्तरीणबाई म्हणतात, दोन म्हणजे किती ते ग्लास सांगतो, माणूस नाही. ते काही असो, पावणेतीनला मास्तर उठले, गाडीत बसले, पट्टा लावला, तिन्ही आरसे बघितले आणि शाळेकडे निघाले.

शाळेच्या अलीकडे दोन रस्ते सोडून मोठा चौक आहे. तिथला सिग्नल त्या दिवशी बिघडला होता. लाल लागला तो लालच. बाकी गावाने पाच मिनिटांत ओळखलं, इकडेतिकडे बघून लोक निघून जात होते. मास्तर थांबले. पांढऱ्या रेषेच्या आत, बरोब्बर एक हात अलीकडे. गिअर काढला, हँडब्रेक ओढला, आणि दिवा हिरवा व्हायची वाट बघत बसले. दहा मिनिटं. पंधरा मिनिटं. मागे रांग लागली, भोंगे सुरू झाले. तेव्हा मास्तर गाडीतून उतरले आणि एकेका गाडीच्या खिडकीशी जाऊन शिकवू लागले, की चौकात भोंगा वाजवणे हे अडाणीपणाचं लक्षण आहे. एका टेंपोवाल्याला त्यांनी खाली उतरवून त्याचं चाक रेषेवर आल्याचं दाखवलं. दोघांना घरी पाठांतर करायला सांगितलं.

मग वाहतूक पोलीस आली. तीही मास्तरांची विद्यार्थिनी. दोनदा नापास केलेली.

"सर, काय झालं?"

"काही नाही गं. लाल आहे."

"सर, तो बिघडलाय. सकाळपासून."

"लाल म्हणजे लाल," मास्तर म्हणाले, आणि बोलताना जो वास सुटला त्याने तिचा चेहरा बदलला. तिने खिशातून नळीचं यंत्र काढलं. आधी ते रुमालाने पुसून घेतलं म्हणे. आपल्या मास्तरांच्या तोंडाला नळी लावायची म्हणजे काय थट्टा आहे?

मास्तरांनी फुंकलं. फुस्स झालं, काही आकडा आला नाही.

"सर, असं झटक्यात नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "सावकाश. एका दमात. क्लच सोडतो तसं."

मास्तरांनी क्लच सोडतो तसं फुंकलं. आकडा आला. बत्तीस वर्षांत आपलं शिकवणं इतकं कुणाच्या लक्षात राहिलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

इथवर सांगताना मास्तर हसत. पुढचं सांगायला त्यांना तीन दिवस लागले. पोलीस चौकीत कागद होईपर्यंत साडेचार वाजले. नात तोवर शाळेच्या फाटकाशी पहारेकऱ्याच्या स्टुलावर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. शाळेने तिच्या आईला फोन केला, आई रक्ताच्या नळ्या तशाच ठेवून धावली. बापाचं काय झालं ते तिला फाटकाशीच कळलं. गाव लहान नाही, पण एवढ्या बातमीला लहानच.

त्या संध्याकाळी ती बापाला ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, मी रोज लोकांचं रक्त बघते. तुमच्या आकड्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको. आजपासून माझी मुलगी तुमच्या गाडीत बसणार नाही."

"एकदा झालं गं. आणि गाडी तर मी नीटच..."

"बसणार नाही, बाबा."

मास्तरांना ते तेव्हा जास्तच वाटलं. नीटच तर चालवत होतो, कुणाला खरचटलंसुद्धा नाही, हे ते चार दिवस सगळ्यांना सांगत होते. मलाही सांगितलं. पाचव्या दिवशी नात त्यांच्या वर्गात टेबलापाशी खेळत होती. तिने खेळण्यातली लाल गाडी चौकात ठेवली. पलीकडे एक खोडरबर ठेवलं.

"आजोबा, हा तू. आणि ही माझी शाळा."

"बरं."

"सिग्नल बिघडला म्हणून तू इथे थांबलास. हो ना?"

"हो."

"नाहीतर तू असा आला असतास." तिने गाडी सरकवत खोडरबरापर्यंत नेली. "आणि मग मी बसले असते."

तिला काही टोचून बोलायचं नव्हतं. नुसता हिशेब मांडत होती. ती पुढच्या खेळाला लागली. मास्तर मात्र त्या दिवशी जेवले नाहीत आणि नंतर 'नीटच चालवत होतो' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. निदान घरात नाही.

कोर्टात एकदा ऐकलं गेलं. मी गेले नव्हते, मास्तरीणबाईंनी सांगितलं. न्यायाधीशबाईंनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का?

"कबूल आहे," मास्तर म्हणाले. "फक्त गाडी रेषेच्या आत होती, एवढी नोंद व्हावी."

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "गाडी रेषेच्या आत होती. तुम्ही होता का?"

मास्तरीणबाई म्हणाल्या, "ताई, मला लग्नानंतर पहिल्यांदा कुणीतरी माझ्या मनातलं बोललं असं वाटलं. मी टाळी वाजवणार होते, पण पाटी होती, शांतता राखा."

दंड झाला, लायसन सहा महिन्यांसाठी काढून घेतलं आणि दोन दिवस सुरक्षित वाहन चालवण्याच्या वर्गाला बसायची शिक्षा झाली. वर्गात मोटरसायकलवाली पोरं आणि मधल्या बाकावर मास्तर. समोरचा तक्ता जुना होता, एक खूण उलटी छापलेली. मास्तरांनी हात वर केला. शिकवणाऱ्याने सांगितलं, आजोबा, शंका शेवटी. शेजारचा मुलगा कानात म्हणाला, "काका, पहिल्यांदाच का? घाबरू नका, सोपं असतं." मास्तरांनी मला हे सांगितलं तेव्हा मी चालता चालता थांबून विजेच्या खांबाला धरून हसले. देव मला क्षमा करो.

लायसन नाही म्हणजे शिकवणंही नाही. गाडी इमारतीच्या आवारात उभी राहिली. मास्तरीणबाई शिवणकाम करतात. पहिल्या आठवड्यात त्यांनी गाडीवर उशांचे अभ्रे वाळत घातले, दुसऱ्या आठवड्यात रजया. "बत्तीस वर्षांत ही गाडी पहिल्यांदा माझ्या कामी आली," म्हणाल्या.

पण नातीला आणायचं कोण? लेक महिनाभर कामावरून लवकर निघून धावत राहिली. मग तिच्या साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. तेव्हा मास्तरीणबाईंनी तोडगा काढला. यांनी पायी जायचं, पोरीला बसने आणायचं. आणि बरोबर वहिनींनी जायचं.

"मी कशाला?" मी म्हटलं.

"डॉक्टरांनी तुम्हाला रोज तासभर चालायला सांगितलंय ना? माझे गुडघे माझ्या घरातच चालत नाहीत. आणि ताई," आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "वाटेत स्पेअरपार्टवाल्याचं दुकान लागतं."

म्हणजे मला साखरेसाठी चालायचं होतं आणि मास्तरांसाठी हेर व्हायचं होतं. मास्तरांना हे पहिल्या दिवशीच कळलं. त्या दुकानाजवळ आलो की ते म्हणत, "वहिनी, लिहून घ्या. दोन वाजून वीस मिनिटं. आरोपी सरळ पुढे गेला."

आमची चाल वेगवेगळी. मी नाम घेत चालते, मनातल्या मनात, पाऊल आणि नाम बरोबर पडतं. मास्तर नियम घेत चालतात. डावीकडून चालणार, पुढच्याला ओलांडायचं तर आधी मागे बघणार, खड्डा दिसला की मला हाताने हळू करायची खूण करणार. एकदा पुढे चाललेल्या बाई एकदम थांबल्या, तर मास्तर त्यांना म्हणाले, "मॅडम, पुरेसं अंतर मी ठेवलं होतं म्हणून, नाहीतर?" बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मला मध्ये पडून सांगावं लागलं, हे माझ्याबरोबर आहेत. तेही काही मला भूषण नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात एक दिवस स्पेअरपार्टवाला दुकानाच्या पायरीवर उभा होता. "मास्तर, अरे मित्राला विसरलास का? ये, बस पाच मिनिटं."

मास्तर थांबले. "वहिनी, तुम्ही पुढे व्हा. मी आलोच."

मी पुढे झाले नाही. पायरीवर बसले. "माझा पाय भरून आलाय," म्हटलं. "तुम्ही या सावकाश. मी तोवर जप करते." आणि पिशवीतून माळ काढली.

मास्तरांनी माळेकडे पाहिलं, मित्राकडे पाहिलं. "मणी किती असतात यात?"

"एकशे आठ."

"मग नको. शाळा सुटेल." आणि निघाले. स्पेअरपार्टवाला मागून म्हणाला, "वहिनी, हे बरं नाही." मी म्हटलं, "माळ आहे बाबा, पिस्तूल नाही."

मला वाटलं, जिंकलो. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं?

चौथ्या महिन्यात मला ताप आला. तीन दिवस उठता येईना. पहिले दोन दिवस मास्तर एकटे गेले, सरळ गेले, सरळ आले. तिसऱ्या दिवशी दुकानाजवळ पाय रेंगाळले. पायरीवर माळवाली नव्हती. आत गेले. एकच ग्लास, आणि यावेळी खरोखरच एक. अडीचला बाहेर पडले आणि त्या चौकात आले. सिग्नल कधीच दुरुस्त झाला होता. लाल होता, मास्तर थांबले. हिरवा झाला. मास्तर थांबलेच. पुन्हा लाल, पुन्हा हिरवा. लोक बाजूने रस्ता ओलांडून जात होते.

"वहिनी, मला तेव्हा समोर खोडरबर दिसत होतं," त्यांनी मला नंतर सांगितलं. "पायीच तर होतो. पायी जाणाऱ्याला कोण पकडतं? पोरीला बसमध्ये बसवून आणलं असतं, कुणाला कळलंही नसतं. तोंडात बडीशेप टाकली की झालं."

"मग?"

"मग काय. बडीशेप खिशात होती. फोनही खिशात होता. हाताला फोन आधी लागला."

हे त्यांनी हसण्यावारी नेलं, पण मला ठाऊक आहे, हाताला काही आपोआप लागत नाही. त्यांनी लेकीला फोन केला. म्हणाले, "मी आज पोरीला आणायला जाऊ शकत नाही. मी प्यायलोय. तू जा."

बत्तीस वर्षं दुसऱ्याच्या चुका मोजल्या त्या माणसाने. स्वतःची चूक, कुणी धरायच्या आत, त्याने पहिल्यांदा सांगितली.

लेक म्हणाली, "कुठे आहात?"

"चौकात."

"तिथेच थांबा. हलू नका."

ती टॅक्सीने शाळेत गेली, पोरीला घेतलं, आणि परत येताना चौकात टॅक्सी थांबवून मागचं दार उघडलं. मास्तर बसले. लेक पुढे, तोंड समोर. नातीने एकदा आजोबांकडे पाहिलं, एकदा आईच्या पाठीकडे पाहिलं, आणि आपलं दप्तर काढून आजोबांच्या मांडीवर ठेवलं. तेवढं धरून ते घरापर्यंत आले.

चार दिवस लेक बोलली नाही. मास्तरांनी गृहीत धरलं, आता संपलं, आता पायीसुद्धा नाही. मी तापातून उठले तेव्हा मास्तरीणबाईंचं शिवणयंत्र बंद होतं, यावरून काय ते समजले. पाचव्या दिवशी लेकीचा निरोप आला: 'उद्या मला उशीर आहे. बाबांनी जावं.' तो निरोप मास्तरांनी मला तीनदा वाचून दाखवला. मास्तरीणबाईंचं यंत्र वर खडखडायला लागलं.

स्पेअरपार्टवाल्याच्या दुकानावरून पुढे आम्ही रोजच जात राहिलो. तो कधी हात करी, कधी नाही. एक दिवस मास्तरच त्याला म्हणाले, "शनिवारी घरी ये. चहा देईन. कप माझ्या बायकोने मोजून ठेवलेत." तो आला. चहा प्यायला. वाईट तोंड करून, पण प्यायला.

आणि आज लायसन खिशात.

शाळेच्या भिंतीपाशी आलो तेव्हा तीन वाजून एक मिनिट झालं होतं. पहारेकऱ्याने त्याचं स्टूल माझ्याकडे सरकवलं. तेच ते स्टूल. मी बसले. मास्तर भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांनी लायसन बाहेर काढलं, फोटो बघितला, परत ठेवलं.

"काल लेकीला म्हटलं, उद्या लायसन मिळेल, दाखवीन," ते म्हणाले, "तर म्हणाली, ते सरकार देतंय बाबा. मी अजून दिलेलं नाही."

"मग?"

"मग म्हणाली, देईन. पण अट आहे. पोरगी गाडीत बसेल, शिकवायच्या गाडीतच, आणि बाजूच्या सीटवर, त्या दुसऱ्या ब्रेकवर, शुद्धीतलं माणूस पाहिजे. लायसनवालं."

"मास्तरीणबाई?"

"तिला लायसन कुठे. मी गावाला शिकवलं, तिला नाही शिकवलं. म्हणायचो, तुला जमायचं नाही. काल तेही ऐकून घेतलं. सोमवारपासून तिचा वर्ग सुरू होणार आहे. ती म्हणते, ब्रेक सापडला नाही तर तुम्हालाच दाबेन."

मी हसले. मास्तर हसले नाहीत. रस्त्याच्या पलीकडे कुणीतरी गाडी लावत होतं, वाकडी, चाक फुटपाथवर. एरवी मास्तर पलीकडे गेले असते. ते तिकडे नुसते बघत राहिले.

"वहिनी, अट लेकीची आहे. पण तिने घातली नसती तर मीच घातली असती," ते म्हणाले. "मला माझा भरवसा आहे. चौकात उभा होतो तेव्हाही होता, तोच तर घोटाळा आहे."

आत घंटा झाली. वर्गांचे दरवाजे उघडल्याचा आवाज आला, मग पायांचा.

"तुमचं लायसन चालू आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे. पण मास्तर, मी किती वर्षांत..."

"चालवायचं नाही. नुसतं बाजूला बसायचं. सोमवारपासून, आणखी सहा महिने. जाताना येताना. पाय त्या ब्रेकवर ठेवायचा. गाडीत बसायच्या आधी माझ्या तोंडाजवळ येऊन दोन वाक्यं बोलायला लावायची, वास घ्यायला. पोरीच्या समोर लावा, मागे नको. आणि कुठेही जरा शंका आली की दाबायचा."

"मास्तर, तुम्ही मला ओळखता. मला कागदी पिशवीचीसुद्धा शंका येते."

फाटकातून पोरांचा लोंढा बाहेर येऊ लागला होता. त्यात ती दप्तर एका खांद्यावर टाकून येत होती, आम्हाला शोधत. मास्तरांनी हात वर केला, उजवा, सरळ, खांद्यातून. तिला दिसला. मग ते माझ्याकडे वळले.

"म्हणूनच तुम्हाला सांगतोय वहिनी," ते म्हणाले. "विनाकारण दाबा."